मराठी डिझाईनसाठी इन्स्पिरेशन कुठे शोधायचं आणि फॉन्ट कसा निवडायचा

मंडळाचा बॅनर असो, बहिणीची लग्नपत्रिका असो, एकांकिकेचं पोस्टर नाहीतर नुसती इन्स्टाची पोस्ट, काम हातात आलं की बहुतेक जण आधी पिंटरेस्ट उघडतात, तिथे एक मस्त काहीतरी दिसतं, बारीक कॅपिटल अक्षरं, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि मग तेच मराठीत करायला घेतात आणि ते होत नाही. होणारच नाही, कारण तिथलं नव्वद टक्के काम इंग्रजी अक्षरांसाठी केलेलं असतं. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात, वर मात्रा वेलांटी रफार अनुस्वार, खाली उकार, म्हणजे एका ओळीत तीन मजले. तो ले-आऊट चांगला नव्हता असं नाही, तो या लिपीसाठी नव्हता एवढंच. माझं म्हणणं साधं आहे, मराठीत डिझाईन करायचं तर आधी मराठी अक्षरं बघायची सवय लावा, आणि त्यासाठी मुंबईसारखी जागा नाही, फुकटात सगळं शहरभर लावून ठेवलंय.

सुरुवात स्टेशनपासून करा, रोज जाताच. पिवळ्यावर काळी अक्षरं, मराठी हिंदी इंग्रजी. आता बरेचसे बोर्ड कॉम्प्युटरवर केलेले आहेत पण हाताने रंगवलेली अक्षरं अजून सापडतात, पुलाच्या जिन्याजवळ, जुन्या शेडखाली, डब्याच्या क्लासची पाटी, एखाद्या ऑफिसच्या दारावर. ती सापडली की जवळ जाऊन बघा की ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, काना खाली संपतो तिथे त्याचं टोक सरळ कापलंय की तिरकं. मुंबई लोकलच्या याच हाताने रंगवलेल्या पाट्या बघून कॅथरीन ली श्मिट या डिझायनरने यात्रा वन नावाचा फॉन्ट केला, तो गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, डाउनलोड करा आणि एकदा फोनवर तो फॉन्ट आणि समोर पाटी असं ठेवून बघा, रंगाऱ्याच्या हातातली गोष्ट फॉन्टमध्ये येताना काय राहिलं आणि काय सरळ झालं ते एका नजरेत कळतं. माझ्या मते टायपोग्राफी शिकायचा हा सगळ्यात चांगला धडा आहे आणि त्याला लोकलच्या पासापलीकडे काही खर्च नाही.

बेस्टच्या बसवरचे मराठी आकडे पण बघा. आकड्यांकडे कोणी लक्षच देत नाही. ५, ८ आणि ९ यांची वळणं वेगवेगळ्या फॉन्टमध्ये वेगवेगळी असतात, काही आपल्याला लगेच ओळखीची वाटतात आणि काही बघून जरा अडखळायला होतं. पत्रिकेत तारीख वेळ असते, बॅनरवर फोन नंबर असतो, म्हणजे आकडे सगळ्यात जास्त वाचले जातात, तेव्हा फॉन्ट निवडताना आकडे आधी बघायचे.

मग दुकानांच्या पाट्या. २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली की दुकानाच्या नावाची पाटी मराठीत देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग शहरभर नव्या पाट्या लागल्या. अभ्यासासाठी ही फार मोठी संधी आहे. एक रस्ता घ्या, दादरचा रानडे रोड घ्या नाहीतर तुमच्या स्टेशनबाहेरचा कुठलाही, आणि एका बाजूने चालत फक्त एवढंच बघा की इंग्रजी नाव आणि मराठी नाव एकाच घरातली वाटतात का. काही ठिकाणी इंग्रजी लोगो छान वळणदार आणि शेजारी मराठी नाव मिळेल त्या फॉन्टमध्ये टाकून जागेत बसवायला आडवं ताणलेलं, काना जाड आणि शिरोरेषा बारीक दिसते (उलटं ताणलं की उलटं होतं). काही ठिकाणी मात्र कोणीतरी बसून इंग्रजी अक्षराची जाडी, कोपऱ्यांचा गोलपणा, उतार सगळं देवनागरीत आणलेलं असतं आणि ते इतकं सहज दिसतं की दुकानाचं नाव मुळातच मराठी असावं असं वाटतं. दोन्हीचे फोटो काढा. चांगल्याचे तर काढाच, पण बिघडलेल्याचे जास्त काढा आणि घरी येऊन नक्की काय बिघडलंय ते एका वाक्यात लिहा. नुसतं 'चांगलं दिसत नाही' असं लिहायचं नाही, 'शिरोरेषा इंग्रजीच्या वरच्या कडेला जुळवली म्हणून मात्रा बाहेर गेल्या' असं लिहायचं.

नाटकाच्या जाहिराती हा तर आपला खजिना आहे. कमल शेडगे हे नाव माहीत नसेल तर आज शोधा. ते २०२० मध्ये गेले, पण मराठी नाटकांची कितीतरी शीर्षकं त्यांच्या हातची आहेत आणि प्रत्येक नाटकासाठी अक्षर नवीन, तयार फॉन्टमधून उचललेलं नाही. नाटक विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की घरगुती, हे नाव वाचायच्या आधी अक्षरावरून कळायचं. वर्तमानपत्रातली ती जाहिरात जेमतेम दोन बोटं रुंद, रंग नाही, फोटो नाही, फक्त अक्षर, आणि तेवढ्यात सगळं सांगायचं. आजही दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाहेर उभं राहून लागलेले बोर्ड बघा, किंवा रविवारच्या पेपरातलं नाटकांचं पान कापून ठेवा. एका पानावर इतकी वेगवेगळी शीर्षकं शेजारी शेजारी दुसरीकडे कुठे बघायला मिळणार.

जुनी छपाई बघायची असेल तर त्यासाठी थोडं फिरावं लागतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, एके काळी देशभर नावाजलेले होते, एकोणिसाव्या शतकातली मुंबई आणि एकेका अक्षराचा ठसा हाताने कोरून मग शिशाचा खिळा ओतलेला, त्यात संस्कृतची एवढी जोडाक्षरं. निर्णयसागरचं जुनं पुस्तक हातात मिळालं तर मजकूर नंतर वाचा, आधी पान डोळ्यांपासून लांब धरून बघा, पानाचा करडेपणा किती एकसारखा आहे ते बघा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, तिथे जा. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फ्लोरा फाउंटनला जुनी पुस्तकं मिळतात, रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक निघतात, चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं मिळाली तर सोडू नका, चित्र तर आहेच पण चित्र आणि अंकाचं नाव एकत्र कसं बसवलंय ते बघण्यासारखं असतं. आणि बाहेर जायला जमत नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं स्कॅन केलेली आहेत, मुखपृष्ठ आणि आतलं शीर्षकाचं पान, ही दोन पानं प्रत्येक पुस्तकातून बघत जा.

घरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय पण उतरवून नीट बघा. १९७३ पासून निघतंय. एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण, सुट्टी, आणि तरी आजीला चष्मा न शोधता एकादशी सापडते. माहिती दाटीवाटीने मांडायची असेल, म्हणजे मेनू कार्ड, टाइमटेबल, कार्यक्रमपत्रिका, तर त्याच्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मी तरी सांगू शकत नाही.

वाचायचं असेल त्यांच्यासाठी बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ आहे, १९७१ साली भाषा संचालनालयाने काढलेला, इंग्रजीत आहे, मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये विचारा. र. कृ. जोशींबद्दल वाचा, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईनच्या विभागात शिकवायचे, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी कॉम्प्युटरवर पहिलं मराठी अक्षर जे पाहिलं ते त्यांनी काढलेलं होतं. आयडीसीने २००८ मध्ये टायपोग्राफी डे सुरू केला, त्यातले पेपर ऑनलाइन वाचता येतात. जे. जे. अप्लाइड आर्टचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. हाताने शिकायचं असेल तर अच्युत पालवांची कॅलिग्राफीची शाळा नवी मुंबईत आहे. बोरू किंवा कट निब एकदा तरी हातात धरा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण देवनागरीसाठी बोरूचा काप इंग्रजी निबच्या उलट तिरका असतो आणि म्हणून अक्षरातली जाडी वेगळ्या जागी पडते, हे वाचून समजत नाही, चार ओळी गिरवल्या की हाताला समजतं, आणि मग स्क्रीनवर एखाद्या फॉन्टमधला 'व' चुकीच्या जागी जाड दिसला की आपोआप खटकायला लागतं.

गोळा केलेलं ठेवायचं कसं हा प्रश्न सगळ्यांचा असतो. फोनमध्ये हजार फोटो आणि त्यात अक्षरं कुठे हरवली पत्ताच नाही असं होतं. म्हणून अक्षरांसाठी वेगळा अल्बम करा, फोटो समोरून सरळ काढा, तिरका नको, लगेच क्रॉप करा, आणि जागा व महिना लिहा, कारण पाटी पुढच्या वेळी तिथे असेलच असं नाही, इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की पाटी पण गेली. रंगाप्रमाणे वगैरे विभागणी करू नका, अक्षराच्या स्वभावाप्रमाणे करा, ठसठशीत, नाजूक, खेळकर, सरकारी, जुन्या वळणाचं. काम आलं की क्लायंट पण असेच शब्द वापरतो, तेव्हा शोधायला सोपं जातं. आणि आठवड्यातून एखादं अक्षर ट्रेसिंग पेपरवर गिरवा. पण एक गोष्ट, रंगाऱ्याचं किंवा लेटरिंग आर्टिस्टचं अक्षर फोटोवरून ऑटोट्रेस करून आपल्या कामात विकायचं नाही. शिका, त्यातून स्वतःचं काढा, जसंच्या तसं वापरायचं असेल तर माणूस शोधा आणि विचारा.

आता फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर जाऊन लिपी देवनागरी निवडा, बरेच मिळतील, आणि जवळजवळ सगळे ओपन फॉन्ट लायसन्सचे असतात म्हणजे कमर्शियल कामात पण वापरता येतात, फक्त फॉन्टची फाइलच वेगळी विकायची नाही. मला विचाराल तर आधी मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट घ्या. मुक्ता साध्या मजकुरासाठी, सात जाड्या आहेत, लहान आकारात पण नीट वाचता येतो, गोंधळ असेल तेव्हा मुक्ता घ्या. बलू गुबगुबीत आहे, मुलांच्या कार्यक्रमाला, खाऊच्या दुकानाला. मोदक त्याहून जाड, अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ भरलेलीच, तो फक्त एकदोन शब्दांना आणि खूप मोठ्या आकारात, वाक्य लिहायला घेऊ नका. 'अनेक देवनागरी' हा फॉन्ट व्हेरिएबल आहे, जाडी आणि रुंदी दोन्ही सरकवता येते, म्हणजे जागा कमी आहे म्हणून अक्षर ताणायची वेळ येत नाही, फॉन्टच अरुंद करता येतो आणि काना मात्रेची जाडी बिघडत नाही, बॅनरवाल्यांनी हा एक फॉन्ट शिकला तरी शहर निम्मं सुधारेल असं मला मनापासून वाटतं. पुस्तक, कवितासंग्रह, स्मरणिका असं काही असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्याची हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी वेगवेगळी रूपं आहेत, आपण मराठीचंच घ्यायचं. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू पण फुकट आहेत. पॉपिन्स सगळीकडे दिसतो, शीर्षकाला चालतो, पण पानभर मजकुराला नको, सगळी वळणं इतकी गोल आणि सारखी आहेत की लांब वाचताना अक्षरं एकमेकांसारखी वाटायला लागतात.

फॉन्ट आवडला म्हणून लगेच वापरायचा नाही, आधी त्याची परीक्षा घ्यायची. साइटवर दिसणारं नमुन्याचं वाक्य बऱ्याचदा हिंदी असतं, त्यात ळ पण नसतो. हे शब्द कॉपी करून ठेवा आणि प्रत्येक नवीन फॉन्टमध्ये टाकून बघा:

दुसऱ्या, तऱ्हा, ॲसिडिटी, बँक, ऑफिस, विठ्ठल, चिठ्ठी, उद्ध्वस्त, कर्तृत्व, स्त्री, श्रीखंड, आर्द्र, हृदय, शृंगार, रुपया, रूप, कृष्ण, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, राष्ट्रीय, मूर्तींच्या, सर्वांत, काळोख

यातला प्रत्येक शब्द कुठेतरी अडवायला ठेवलाय. दुसऱ्या आणि तऱ्हा मध्ये र चा तो आडवा चंद्रकोरीसारखा तुकडा नीट आला पाहिजे, तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसला तर मराठीत ते चालत नाही. (कधी फॉन्ट बरोबर असतो पण टाइप करताना चूक होते, साधा र नाही, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य.) ॲ बऱ्याच जुन्या फॉन्टमध्ये नसतोच, मग तिथे दुसऱ्याच फॉन्टचं अक्षर येऊन बसतं आणि शब्दात एक अक्षर परकं दिसतं. मूर्तींच्या मध्ये एकाच अक्षरावर वेलांटी रफार अनुस्वार तिन्ही येतात, तिथे गर्दी होऊन टिंब गायब होतंय का बघा. विठ्ठल आणि उद्ध्वस्त मध्ये जोडाक्षर जमलंय की पाय मोडलाय ते बघा. पाय मोडलेलं नेहमी चुकीचंच असतं असं नाही, लहान आकारात उलट वाचायला सोपं जातं, पण एकाच कामात कुठे जोडलेलं कुठे मोडलेलं असं नको.

ल आणि श साठी वेगळं थांबा. मराठीचा ल पाकळीयुक्त (दोन पाकळ्यांसारखा, उभ्या दंडाशिवाय) आणि श देठयुक्त, राज्य सरकारने २००९ च्या वर्णमालेच्या शासननिर्णयात आणि परत २०२२ मध्ये यावर लिहिलेलं आहे, तरी बऱ्याच फॉन्टमध्ये समोर दिसतो तो हिंदी वळणाचा ल, दंडवाला. काही फॉन्टमध्ये मराठी रूप आत लपलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी सेट केली की ते बाहेर येतं, म्हणजे इनडिझाईनमध्ये कॅरेक्टर पॅनलमधून भाषा मराठी करायची, वेबसाइटवर पेजच्या भाषेचा कोड मराठीचा द्यायचा. नोटो सॅन्स देवनागरीत करून बघा, फरक डोळ्यासमोर होतो. मी लग्नपत्रिकेत आणि पुस्तकात हा आग्रह धरतो, सेलच्या पोस्टरवर नाही धरत, पण माहीत तर पाहिजे.

ॲडोबीवाल्यांसाठी अजून एक. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसली किंवा सगळी जोडाक्षरं तुटली तर फॉन्टला दोष देऊ नका, इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि इनडिझाईनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. क्लायंटकडून आलेला मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर तो जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, श्रीलिपी शिवाजी वगैरे, त्याला कन्व्हर्टर मिळतात पण कन्व्हर्ट केल्यावर प्रत्येक ओळ वाचून घ्यायची, जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात.

मांडणीचे नियम थोडेच आहेत. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि कमी केलं की काना शेजारच्या अक्षरात घुसतो, शब्द मोकळा दाखवायचा असेल तर रुंद फॉन्ट घ्या. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, मजकुरासाठी फॉन्टच्या दीडपट ते पावणेदोनपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला लागतो. इंग्रजी शेजारी असेल तर एकच पॉइंट साइज दिली म्हणून दोन्ही सारखे दिसत नाहीत, बहुतेक फॉन्टमध्ये मराठी लहान दिसतं, तेव्हा आकडा विसरा आणि डोळ्याने जुळवा. बोल्ड फॉन्टमध्ये नसेल तर सॉफ्टवेअरचं खोटं बोल्ड आणि खोटं इटॅलिक वापरू नका. शब्दाला जाड बॉर्डर दिली तर अनुस्वाराचं टिंब बॉर्डरमध्ये बुडतं, ते झूम करून बघा, गणपतीत लागणाऱ्या बॅनरवर हे फार दिसतं.

मोठं काम असेल तर पूर्ण छापायच्या आधी त्यातला ए-फोर एवढा तुकडा खऱ्या साइजला प्रिंट करा, भिंतीला चिकटवा आणि जेवढ्या लांबून लोक बघणार तेवढं लांब जा. रस्त्यावरचा बॅनर असेल तर घरात जागा पुरणार नाही, गॅलरीतून खाली बिल्डिंगच्या गेटपाशी कोणाला तरी धरून उभं करा.

प्रिंटरला फाइल देताना अक्षरं आउटलाइनमध्ये कन्व्हर्ट करून पीडीएफ द्या, त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट असेल असं धरू नका, आणि एडिट होणारी मूळ फाइल स्वतःकडे वेगळ्या नावाने ठेवा, आउटलाइन केल्यावर एक वेलांटी बदलायची तर सगळं परत करावं लागतं. आउटलाइन करायच्या आधी मजकूर अशा कोणालातरी मोठ्याने वाचायला द्या ज्याने तो अजून पाहिलेला नाही, घरात आई, काका, शेजारचे निवृत्त मास्तर असतील तर उत्तमच, आणि ऱ्हस्व दीर्घ, नावं, तारीख, वार जुळतोय का हे त्यांच्याकडून तपासून घेऊनच फाइल पाठवा.